सोया मेणाची पारख: तीन मेणं, एकच ग्लास, एकच वास

सुगंधी मेणबत्त्या करायला घेतल्या की पहिल्या महिन्यात बहुतेकांची एकच चूक होते. मेणबत्ती नीट जळली नाही म्हणून दुसरं मेण मागवलं जातं, त्याच ऑर्डरमध्ये जाड वात येते, ग्लास जरा मोठा घेतला जातो आणि वास कमी वाटला म्हणून तेलही वाढवलं जातं. नवी मेणबत्ती कदाचित बरी जळतेसुद्धा, पण ती कशामुळे बरी जळली हे कळायला काही मार्ग उरत नाही. मेण, वात, ग्लास आणि सुगंधी तेल या चौघांचं एकमेकांशी जमलं पाहिजे. तिघांना जागेवर ठेवून एकालाच बदललं, तरच कोणामुळे काय होतंय ते दिसतं. पुढची सगळी पद्धत या एका नियमावर उभी आहे. तिला लागतात तीन प्रकारची मेणं प्रत्येकी एक किलो, एक सुगंध, एका मापाचे ग्लास आणि साधारण दोन महिने.

मेणाचा स्वभाव आधी समजून घ्या

सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मुरवला की ते घट्ट होतं. वनस्पती तूप याच प्रक्रियेने होतं. तीच प्रक्रिया आणखी पुढे नेली की मेण मिळतं. मधमाश्यांच्या मेणाला स्वस्त पर्याय शोधताना अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मेण मेणबत्तीसाठी तयार केलं. म्हणजे हे मेण मुळात एक स्निग्ध पदार्थ आहे, आणि वागतंही तुपासारखंच. साजूक तूप सावकाश निवलं की कणीदार होतं, भरभर निवलं की गुळगुळीत होतं, आणि वितळून पुन्हा गोठलं की त्याचा पोत बदलतो. सोया मेणावर जे पांढरे, बर्फाच्या नक्षीसारखे तुरे उठतात, ज्याला सगळे फ्रॉस्टिंग म्हणतात, तीही स्फटिकांची अशीच करामत असते.

पॅराफिन खनिज तेलापासून येतं आणि त्याचं वागणं वेगळं असतं. पॅराफिनसाठी सांगितलेलं तापमान, वातीचा नंबर आणि मुरण्याचे (ओतल्यावर पेटवण्याआधी थांबायचे) दिवस सोयाला लावू नका. बाजारात ‘सोया’ म्हणून मिळणाऱ्या काही मेणांत पॅराफिन मिसळलेलं असतं. त्यात गैर काही नाही, पण ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. विक्रेत्याला थेट विचारा: शुद्ध सोया की मिश्रण, मूळ कंपनी कोणती, वितळणांक किती, तेल जास्तीत जास्त किती टक्के पेलतं. या चार प्रश्नांची उत्तरं न देणाऱ्याकडून परीक्षेसाठी मेण घेऊ नका. सुट्या पिशवीतलं मेण पुढच्या खेपेला तेच येईल याचीही खात्री नसते.

कोणती तीन घ्यावीत

भारतात नवशिक्यांच्या हातात सगळ्यात आधी पडतं ते गोल्डन वॅक्स ४६४. ग्लासात ओतायच्या मेणबत्त्यांसाठीच ते बनवलेलं आहे. मऊ आहे, काचेला चांगलं चिकटतं, वास चांगला धरतं. पण वितळणांक ४५ ते ४८ अंश सेल्सिअस. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचा पारा याच आकड्याजवळ जातो, आणि मेण वितळण्याच्या बरंच आधी मऊ पडून घाम सोडायला लागतं. याच मालिकेतलं ४४४ साधारण ५० ते ५२ अंशांना वितळतं आणि गरम हवेत जास्त टिकतं. ४१५ चा वितळणांकही जवळपास तेवढाच, पण त्यात पोत सुधारणारी मिश्रणं नसतात, म्हणून त्यावर तुरे लवकर येतात आणि वरचा थर खडबडीत होण्याची शक्यता जास्त. कारगिल कंपनीचं नेचरवॅक्स सी-३ हेही बऱ्याच जणांच्या पसंतीचं. ते ४६४ पेक्षा वरच्या तापमानाला वितळतं.

पहिल्या परीक्षेसाठी ४६४, ४४४ आणि सी-३ घ्या. शुद्ध, काही न मिसळलेलं सोया मेण हवंच असेल तर सी-३ ऐवजी ४१५ घ्या. खांबासारख्या उभ्या मेणबत्त्यांसाठी किंवा वितळवून वास घ्यायच्या वड्यांसाठी असलेलं मेण या परीक्षेत आणू नका. ते काचेपासून सुटून येण्यासाठीच बनवलेलं असतं.

सामान

ग्लास: आतला व्यास ७ सेंमी., उभ्या सरळ भिंतीचे, जाड बुडाचे, सगळे एकाच खेपेचे. तीन मेणांसाठी १५ ग्लास लागतील, दोन जादा ठेवा. चहाचे पातळ ग्लास आणि वर निमुळती होणारी बरणी दोन्ही टाळा. पातळ काच तडकते, आणि निमुळत्या बरणीत वात कुठली बसेल हे वर वेगळं नि खाली वेगळं निघतं.

वात: सोयासाठीच्या, आधीच मेण लावलेल्या, बुडाला धातूची चकती असलेल्या. विक्रेत्याच्या तक्त्यात ७ सेंमी. व्यासाला जो नंबर दिला असेल तो, त्याच्या खालचा एक आणि वरचा एक. ‘इको’ नावाच्या वातींच्या मालिकेत हे साधारण ८, १०, १२ असे पडतात. तिन्ही एकाच मालिकेतल्या असल्या पाहिजेत. दोन मालिकांच्या नंबरांची एकमेकांशी तुलना होत नाही.

सुगंधी तेल: एकच, २५० ग्रॅम, एकाच बाटलीतलं. मेणबत्तीसाठीच बनवलेलं घ्या आणि बारावा वर्ग, म्हणजे मेणबत्त्यांचा वर्ग, नमूद केलेलं आयएफआरए (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणपत्र मागा. कपड्यांवर मारायचं परफ्युम चालत नाही, त्यात अल्कोहोल असतं. अत्तर, अगरबत्तीचं तेल यांत पातळ करायला काय घातलंय ते कळत नाही, म्हणून तेही नको. व्हॅनिलाचा अंश असलेला वास परीक्षेला घेऊ नका. त्यातल्या व्हॅनिलिनमुळे मेण हळूहळू तपकिरी होतं आणि मग मेणाचा स्वतःचा रंग कसा टिकतो ते पाहता येत नाही. लिंबू-संत्र्याचे वास हलके असतात, लवकर उडतात. लव्हेंडर, चंदन किंवा मोगरा यांपैकी एक घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. तेल मिलीत मोजू नका, प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते. थर्मामीटर स्वयंपाकाचा, टोक बुडवायचा, आणि वापरण्याआधी तपासलेला. उकळत्या पाण्यात धरल्यावर मुंबईत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर तो १०० दाखवेल. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, तिथे ९८ च्या आसपास दिसलं तर थर्मामीटर बरोबर आहे. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर तो लिहून ठेवा आणि प्रत्येक वाचनात धरा.

याशिवाय चोचीचं स्टीलचं भांडं, ते बसेल असं पातेलं, सांडशी, चकती चिकटवायला गोल चिकट टिकल्या, वात मधोमध धरायला आइस्क्रीमच्या काड्या किंवा कपड्यांचे चिमटे, आणि एक वही.

मोजमाप: एका ग्लासात किती

रिकामा ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा. जिथपर्यंत मेण हवं तिथपर्यंत पाणी भरा; काठापासून किमान दीड सेंमी. जागा सोडा. पाण्याचं वजन गुणिले ०.८६ केलं की मिश्रणाचं वजन मिळतं. ७ सेंमी.च्या ग्लासात साडेपाच सेंमी. उंचीपर्यंत पाणी साधारण २१० ग्रॅम बसतं, म्हणजे मिश्रण १८० ग्रॅम. नंतर ग्लास पूर्ण कोरडा करा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी वात तडतडते.

तेलाचे टक्के मेणाच्या वजनावर मोजतात, एकूण वजनावर नाही. एकूण १८० ग्रॅम हवं आणि तेल ८ टक्के, तर १८० ला १.०८ ने भागा: मेण १६६.७ ग्रॅम, तेल १३.३ ग्रॅम. तीन ग्लास आणि भांड्याला चिकटून जाणारं थोडं धरून ५५० ग्रॅमचा घाणा करायचा तर मेण ५०९, तेल ४१.

पहिली फेरी: वातही नको, वासही नको

ही फेरी बहुतेकजण गाळतात. ती दोन-तीन दिवसांत उरकते आणि उन्हाळ्याबद्दल बरंच काही सांगून जाते.

प्रत्येक मेणाचं १०० ग्रॅम वितळवा. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, मंद आच. भांडं थेट गॅसवर कधीच ठेवू नका. मेण ७५ अंशांवर पूर्ण पातळ आणि पारदर्शक झालं की उतरवा. अर्धं ६५ अंशांना एका छोट्या काचेच्या वाटीत ओता, उरलेलं ५० अंशांना दुसऱ्या वाटीत. पंखा बंद, वाऱ्याची झुळूक नको, चोवीस तास हात लावू नका.

मग पाहा. वरचा थर गुळगुळीत आहे की खडबडीत? कडेला मेण काचेपासून सुटून ओले डाग दिसतात का? मध्ये खळगा पडलाय का? कोणत्या तापमानाला ओतलेलं जास्त देखणं आहे? हे सगळं तुमच्या खोलीच्या हवेत, तुमच्या काचेवर घडतंय, म्हणून कंपनीच्या पत्रकातल्या आकड्यापेक्षा तुम्हाला ते जास्त उपयोगाचं. ४६४ साठी ५७ अंशांना ओता असा आकडा दिलेला असतो. सुरुवात म्हणून तो ठीक आहे, पण डिसेंबरात नाशिकला आणि मे महिन्यात ठाण्याला त्याच आकड्याला ओतलेलं मेण एकसारखं निवत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वाट्या भर दुपारी घरातल्या सगळ्यात गरम खोलीत ठेवा. दुपारी तीनला बोटाने हलकेच दाबा. बोट रुततं? पृष्ठभागावर तेलकट थेंब आलेत? ज्या मेणात बोट रुतलं ते घरात वापरायला चालेल, पण एप्रिल-मेमध्ये कुरियरने पाठवायला चालणार नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ६० च्या घरात जातं, आणि कुठलंच ग्लासातलं सोया मेण तिथे तग धरत नाही.

दुसरी फेरी: वात ठरवणं

प्रत्येक मेणाचे तीन ग्लास, तिन्हीत ८ टक्के तेल, तिन्हीत वेगळ्या नंबरची वात. वास न घालता वात ठरवू नका. तेलामुळे मेणाचं वागणं बदलतं; साध्या मेणात सुरेख जळणारी वात सुगंधी मेणात गुदमरते, हे नेहमीचं आहे.

ग्लास गरम पाणी-साबणाने धुऊन, कोरडे करून घ्या. चकतीखाली चिकट टिकली लावून वात बरोबर मध्यात बसवा. वात अर्धा सेंमी. सरकली तरी एका बाजूची काच जास्त तापते आणि दुसऱ्या बाजूला मेण राहतं, आणि मग दोष मेणाला दिला जातो.

मेण ८५ अंशांपर्यंत तापवा आणि भांडं आचेवरून उतरवा. उतरवल्यावर ८० ते ८५ च्या दरम्यान तेल घाला. दोन मिनिटं घड्याळ लावून सावकाश ढवळा, रवीसारखं घुसळू नका. हवा आत गेली की नंतर पृष्ठभागावर खड्डे पडतात. कमी तापमानाला तेल घातलं तर ते नीट मिसळत नाही, काही दिवसांनी बुडाशी किंवा वर थेंब होऊन बाहेर येतं.

इथे एक गैरसमज खूप पसरलेला आहे. तेलाच्या बाटलीवर फ्लॅश पॉइंट लिहिलेला असतो, समजा ६५ अंश. तेवढ्या तापमानाला तेल उडून जातं असं समजून लोक त्याखालीच तेल घालतात. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते ते तापमान. तो आगीच्या सुरक्षिततेचा आकडा आहे, वास उडण्याचा नाही. म्हणूनच भांडं ज्योतीपासून दूर नेऊन तेल घाला, पण थंड मेणात घालू नका.

पहिल्या फेरीत जे तापमान चांगलं ठरलं त्याला, काठाच्या एका बाजूने, बारीक धारेने ओता. हिवाळ्यात खोली १८ अंशांच्या खाली असेल तर ग्लास आधी कोमट करून घ्या, नाहीतर मेण काचेला लागताक्षणी गोठतं आणि आडव्या रेघा उठतात. काड्यांनी वात सरळ धरा, ग्लासांमध्ये हातभर अंतर ठेवा. लगेच फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे तडे आणि सुटलेल्या कडांना आमंत्रण.

प्रत्येक ग्लासाच्या बुडाला चिठ्ठी: मेण, वातीचा नंबर, तेलाचे टक्के, ओतलेलं तापमान, तारीख. ‘लक्षात राहील’ असं म्हणून सोडलेला ग्लास परीक्षेतून बाद धरा.

आता १४ दिवस थांबा, झाकण लावून, उन्हापासून लांब. पॅराफिन दोन-तीन दिवसांत तयार होतं. सोया मेणाला वेळ लागतो. चौथ्या दिवशी पेटवून ‘या मेणाला वासच नाही’ असा निकाल देणं हा या मेणावर होणारा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

जाळून पाहणं

पेटवण्याआधी वात ५ मिमी. ठेवून कापा. ग्लासाचं वजन करा. खाली स्टीलची ताटली, आजूबाजूला पडदा-कागद नाही, पंखा बंद, आणि तुम्ही खोलीतच. एका मेणाचे तिन्ही ग्लास एकदम लावा, पण एकमेकांपासून १५ सेंमी. लांब, नाहीतर ते एकमेकांना तापवतात. चार तास जाळा. दर तासाला वहीत लिहा: वितळलेल्या मेणाचं तळं कडेपर्यंत पोचलं का, नसेल तर कडेला किती मिमी. घट्ट मेण उरलं, तळं किती खोल, ज्योत किती उंच, काजळी, वातीच्या टोकाला काळी गाठ. चार तासांनी विझवा, पूर्ण निवल्यावर पुन्हा वजन करा. वजनातली घट भागिले चार म्हणजे तासाला किती ग्रॅम जळलं. ७ सेंमी.च्या ग्लासात ४ ते ६ ग्रॅम हा समाधानकारक वेग. ५ ग्रॅमने १८० ग्रॅम मेण ३६ तास पुरतं.

इथेच खरं शिकायचं आहे, म्हणून घाई नको. पहिल्या दिवशी चार तासांत तळं काठोकाठ भरलं पाहिजे, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि त्या आनंदात नवशिके जाड वात निवडतात. पण मेणबत्ती वर भरलेली असते तेव्हा उष्णता मोकळी वर जाते. मेण अर्ध्याखाली गेलं की ज्योत ग्लासाच्या आत उतरते, काच उष्णता धरून ठेवते, आणि तीच वात खूप गरम जळायला लागते. पहिल्या दिवशी परिपूर्ण वाटलेली वात शेवटच्या तिसऱ्या भागात काजळी सोडते, काच हाताला चटका देण्याइतकी तापवते. पहिल्या जाळण्यात कडेला ३ ते ५ मिमी.ची घट्ट कड उरली तर घाबरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती वितळून खाली येते. म्हणून एकही निकाल अर्ध्या मेणबत्तीवरून देऊ नका. शेवटापर्यंत जाळा, चार-चार तासांच्या साधारण सात-आठ बैठका. बुडाशी १ सेंमी. मेण उरलं की थांबा, त्याखाली जाळलं तर काच तडकू शकते.

दोन-तीन बैठकांत ज्या वाती उघड नापास होतात त्यांना पुढे जाळत बसायची गरज नाही. नापास म्हणजे पुढीलपैकी काहीही:

- वातीभोवती विहिरीसारखा खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण तिसऱ्या वेळीही तसंच राहतं: वात लहान.
- ज्योत मणभर मेणात बुडाल्यासारखी मिणमिणते, स्वतः विझते: वात लहान, किंवा तेल जास्त होऊन वात तुंबली.
- ज्योत ४ सेंमी.पेक्षा उंच, सतत नाचते, काचेवर काळी झिलई: वात मोठी.
- तळं दीड सेंमी.हून खोल: वात मोठी. इतक्या खोल तळ्यात वास पटकन उडून जातो आणि शेवटचे तास बिनवासाचे जातात.
- वातीच्या टोकाला अळंबीसारखी गाठ: थोडी असेल तर वात न कापल्यामुळे, दर वेळी कापूनही येत असेल तर वात मोठी किंवा तेल जास्त.

काचेची बाहेरची बाजू चौथ्या तासाला सहज हातात धरता आली पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ६० अंशांच्या वर गेलेला ग्लास आम्ही नापास करतो, बाकी सगळं कितीही छान दिसलं तरी.

तिन्ही मेणांना एकच वात चांगली निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. जास्त तापमानाला वितळणारं मेण वितळवायला ज्योतीला जास्त कष्ट पडतात, त्यामुळे ४४४ ला बऱ्याचदा ४६४ पेक्षा एक नंबर वरची वात लागते. ‘४४४ चांगलं जळत नाही’ अशी तक्रार ऐकली की आधी विचारावं, वात ४६४ ची तर नव्हती ना.

तिसरी फेरी: वास

आता प्रत्येक मेणाला त्याची वात मिळाली. तीच वात ठेवून प्रत्येकी दोन नवे ग्लास करा: एक ६ टक्क्यांचा, एक १० टक्क्यांचा. १८० ग्रॅमला ६ टक्क्यांत मेण १६९.८ आणि तेल १०.२, १० टक्क्यांत मेण १६३.६ आणि तेल १६.४. पुन्हा १४ दिवस. दुसऱ्या फेरीतल्या जिंकलेल्या वातीचा ८ टक्क्यांचा आणखी एक ग्लास याच दिवशी ओतला तर तुलना एकाच वयाच्या मेणबत्त्यांची होते. तेवढ्यासाठीच दोन जादा ग्लास आणि बाटलीत उरलेलं तेल आहे. शंका असलेल्या मेणांसाठी ते वापरा. मेणाचा हिशेबही किलोच्या आत बसतो: १००, मग ५०९, मग १७० आणि १६४, मिळून ९४३ ग्रॅम. मात्र जादा ग्लासासाठी त्या मेणाचं थोडं जास्त घेऊन ठेवा.

वास दोन प्रकारे तपासतात. न पेटवता झाकण काढल्यावर येतो तो कोल्ड थ्रो, पेटवल्यावर खोलीत भरतो तो हॉट थ्रो. दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. झाकण उघडताच घमघमणारी मेणबत्ती पेटवल्यावर मुकी होऊ शकते, म्हणून दोन्हींना वेगळे गुण द्या, शून्य ते पाच.

पेटवल्यावरचा वास तपासायला साधारण दहा बाय दहा फुटांची खोली घ्या. दार बंद, एका वेळी एकच मेणबत्ती, दिवसाला एकच. तुम्ही खोलीत लक्ष ठेवायला बसलेले असता, त्यामुळे तुमचं नाक वीस मिनिटांत त्या वासाला सरावतं आणि निकाल द्यायला निरुपयोगी होतं. गुण देणारं नाक बाहेरून आलं पाहिजे. तासाभराने आणि तीन तासांनी घरातल्या कोणाला तरी आत बोलवा, कुठलं मेण नि किती टक्के ते सांगू नका, फक्त आकडा विचारा. त्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणी, उदबत्ती, रूम फ्रेशनर काही नको. फोडणीचा वास भल्याभल्या मेणबत्तीला खाऊन टाकतो.

निकाल पाहून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं: १० टक्के नेहमी जिंकत नाही. मेणाला पेलेल त्यापेक्षा जास्त तेल घातलं की ते वातीत चढताना अडथळा होतं, ज्योत लहान होते, तळं लहान होतं आणि वास उलट कमी पसरतो. वर मेणावर थेंब येतात ते वेगळंच. ६ आणि ८ मध्ये फरक जाणवला नाही तर ६ ठेवा. तेल हा या सगळ्यातला सर्वांत महागडा घटक आहे. ८ आणि १० मध्ये १० खरोखर चांगलं निघालं तर मेणाच्या पत्रकातली मर्यादा तपासा आणि ज्योतीची, काचेच्या तापमानाची पूर्ण चाचणी त्या ग्लासावर पुन्हा करा, कारण आठ टक्क्यांची वात दहाला चालेलच असं नाही.

दिसणाऱ्या पण निरुपद्रवी गोष्टी

पांढरे तुरे दोष नाहीत. जळण्यावर, वासावर त्यांचा परिणाम होत नाही. ते नकोच असतील तर रंग घालू नका, पांढऱ्या मेणात ते कमी दिसतात, आणि ओतायचं तापमान पाच-पाच अंशांनी बदलून पाहा. एकदा जाळून गोठलेल्या मेणाचा वरचा थर ओबडधोबड दिसतो, तेही सोयाचं नैसर्गिक वागणं. ओले डाग म्हणजे मेण काचेपासून किंचित सुटलंय एवढंच. थंड रात्र आणि गरम दुपार यांच्या चढउतारात ते येतात-जातात, त्यांचा पाठलाग करत मेण बदलत बसू नका.

खळगा मात्र दुरुस्त करा. वातीशेजारी वरून काडीने टोचून आत पोकळी आहे का बघा, मग हेअर ड्रायरच्या गरम हवेने वरचा एक सेंमी. थर वितळवून सारखा करा. पोकळी तशीच सोडली तर जळताना मेण एकदम आत कोसळतं आणि वात उघडी पडते.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात वाती आणि मेण हवाबंद डब्यात ठेवा. दमट वात तडतडते आणि ठिणग्या उडवते.

मेण सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये गोठतं. भांडं गरम असतानाच कागदाने पुसून घ्या, मग गरम पाणी आणि साबण. वितळलेल्या मेणाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकायचं नाही. गॅस बंद करून वर झाकण दाबायचं. झाकण आधीपासून हाताशी ठेवा.

निवड कशी करावी

वहीत आता प्रत्येक मेणासमोर पाच गोष्टी असतील: दुपारच्या गरमीत बोट रुतलं का, कुठली वात बसली, तासाला किती ग्रॅम जळतं, काच किती तापते, किती टक्क्यांना किती वास. गुणांची बेरीज करू नका. काच तापणं आणि ज्योत या दोन बाबतींत नापास झालेलं मेण, त्या वातीसह, लगेच बाजूला. उरलेल्यांत तुमची मेणबत्ती कुठे जाणार ते पाहा. घरच्या आणि ओळखीच्यांसाठी, सावलीत राहणाऱ्या मेणबत्तीला ४६४ चा मऊपणा आणि वास चालून जातो. विदर्भ-मराठवाड्यात किंवा कुरियरने वर्षभर पाठवायच्या असतील तर ४४४ किंवा सी-३ पासूनच सुरुवात करावी आणि ४६४ चा मोह सोडावा, वास अर्धा गुण जास्त असला तरी.

मेण कडक करायला मधमाश्यांचं मेण किंवा स्टिअरिक अॅसिड मिसळायचा सल्ला मिळेल. मिसळा, पण तेव्हा ते चौथं मेण झालं असं धरा आणि त्याला वरच्या तिन्ही फेऱ्यांतून जाऊ द्या. नवा वास घेतलात तर दुसऱ्या फेरीपासून. ग्लासाचा व्यास बदललात तरी दुसऱ्या फेरीपासून. मेणाची नवी पिशवी आली तर निदान एक ग्लास ओतून, मुरवून, शेवटपर्यंत जाळून पाहा आणि तासाचे ग्रॅम जुन्या आकड्याशी ताडून बघा.